गिटारची कच्ची दांडी

दांडी सरळ आहे की नाही हे बघायला एक डोळा मिटावा लागतो. एक टोक गालाशी धरायचं, दुसरं खिडकीकडे करायचं आणि कडेवरून नजर सोडायची. हे मला एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. बेंगळुरूबाहेर, देवनहळ्ळीच्या अलीकडे त्याची पत्र्याची शेड आहे, तिथं तो गिटारी दुरुस्त करतो. माझा मिटलेला डोळा सारखा उघडत होता. तो तीनदा म्हणाला, "अण्णा, एकच डोळा. दोन डोळ्यांना वाकडं दिसत नाही."

मी तिथं रजा टाकून गेलो होतो आणि घरी मात्र ऑफिसला जातो असं सांगितलं होतं. मारतहळ्ळीतल्या आमच्या घरून दोन तास लागले. सगळा वेळ एकच विचार, बायकोनं ऑफिसात फोन केला तर?

कारण सांगतो. माझी बायको गिटार वाजवते. मागचं वर्षभर मी 'वाजवायची' म्हणत होतो आणि म्हणताना दरवेळी जीभ अडखळायची. पुण्यात कॉलेजात असल्यापासून तिची एकच इलेक्ट्रिक गिटार आहे. गेल्या वर्षीच्या आयुधपूजेला आम्ही स्कूटरवरून पडलो. चालवत मी होतो. मला खरचटलं, तिचं डावं मनगट मोडलं. आत प्लेट बसली, स्क्रू बसले, पट्टी निघाली, पण अंगठा आणि बोटं यांच्या मधली जागा आखडली ती आखडलीच. तिच्या गिटारची दांडी, म्हणजे डाव्या हातानं जी धरतात ती, चांगली जाडजूड. तिची मूठ त्या दांडीभोवती वळेना. दोन महिने तिनं झटून बघितलं. मग एके दिवशी गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि कपाटावर ठेवून दिली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सगळ्यांना मी सांगितलं, स्कूटर कोहळ्यावरून घसरली. बेंगळुरूत हे कुणालाही पटतं. आयुधपूजेला इथं गाड्या धुतात, केळीचे खुंट बांधतात आणि गाडीपुढे कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली लाल-पांढरा गर पसरलेला असतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यावरून घसरतंच. कोहळा खरोखरच होता. पण त्यावर मी गेलो, कारण मी हँडलवर लावलेल्या फोनकडे बघत होतो. बेळ्ळंदूरच्या सर्व्हिस रोडवर मागून ती म्हणाली, "थांब." मी ते ऐकलं. हिला उगाच सगळ्याची भीती, असं मनात म्हटलं आणि फोनवरची नजर काढली नाही. मेसेज ऑफिसच्या ग्रुपवरचा होता. आयुधपूजेच्या शुभेच्छा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. हॉस्पिटलात भूल उतरत असताना तिनं मला विचारलं, "मी थांब म्हणाले होते ना रे?" आणि मी म्हणालो, "नाही. तू काहीच बोलली नाहीस."

घाबरलो होतो, दुसरं काही नाही. पण ते वाक्य परत घ्यायची संधी रोज येत होती आणि मी ती रोज जाऊ देत होतो. लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे. दुसऱ्याची चूक मला कोसावरून दिसते.

तेव्हा दांडी. तिची गिटार चार स्क्रूंवर उघडते, जुनी दांडी काढून नवी बसवता येते हे मी वाचलं होतं. आणि अशा दांड्या अर्धवट घडवलेल्या मिळतात हेही. पुढच्या बाजूचे धातूचे पडदे बसवलेले, पण पाठ कच्ची, जाड, बिनपॉलिशची. ती ज्याच्या त्यानं आपल्या हाताच्या मापानं घासून घ्यायची. तिचा हात दांडीला पुरत नव्हता, तर दांडी हाताजोगी करायची. खरं बोलण्यापेक्षा मला हे सोपं वाटलं.

कारागीर कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घरातला होता. घरात मराठी बोलतो पण वाचता येत नाही, असं त्यानंच सांगितलं. त्यानं पाच दांड्या बाकावर मांडल्या. सगळ्या मेपलच्या, दुधाळ रंगाच्या. एकीच्या अंगावर पाण्यावर वारा फिरावा तशा लाटा होत्या. माझा हात तिच्यावरच गेला.

"ती नको," तो म्हणाला. "ती शोभेची. तिच्या रेषा फिरतात. पाऊसपाणी लागलं की तीपण फिरेल."

मग त्यानं एकेक दांडी दोन बोटांत लोंबती धरून वाजवून दाखवली. चौथीचा आवाज स्वच्छ आला. तिच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ होत्या, आणि दिसायला ती इतकी साधी होती की मला लाटणं आठवलं. ती मी घेतली.

"हात कुणाचा?" त्यानं विचारलं.

मी खिशातून कागद काढला. दर महिन्याला फिजिओथेरपिस्ट तिचा हात कागदावर ठेवून भोवती पेनानं रेघ मारते, अंगठा किती उघडला हे बघायला. शेवटचा कागद मी फाइलमधून गुपचूप काढून आणला होता. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला.

"बायकोचा?"

"हो."

"मग त्या का नाही आल्या?"

"तिला माहीत नाही. अचानक द्यायचीय."

तो हसला नाही. "कागदावर हात असतो का अण्णा? हाताला विचारावं लागतं." तरी त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. पॉलिश पेपरनं लांब घास मारायचा, एका जागी घोटायचं नाही. "स्वल्प काढायचं, धरून बघायचं, परत स्वल्प. आत लोखंडाची सळई आहे. माप एकोणीस मिलीमीटरवर आलं की हात आवरा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. सरी?"

"सरी," मीही कानडीत होकार दिला.

"आणि कच्चं लाकूड आहे. ओला हात लावू नका. जे लागेल ते पिऊन टाकेल."

दांडी मी अवजारांच्या पिशवीत, कानशी आणि स्क्रू ड्रायव्हरच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती फिजिओकडे जायची तेवढाच वेळ माझा. ती लिफ्टमध्ये शिरली की मी बाल्कनीत पाट टाकून बसायचो. चोवीस मिलीमीटरवर सुरुवात होती. दहा घास मारायचो आणि मोजायचो, परत दहा मारायचो आणि परत मोजायचो. घासण्यापेक्षा मोजण्यातच वेळ जायचा. रोज सकाळी बायको जागी व्हायच्या आत, दात घासायच्या आधी, एक डोळा मिटून दांडी वाकली का हे बघायचो. पाऊस भुरभुरला की बुटांच्या खोक्यांतल्या, ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या शोधून टॉवेलात घालायचो. एकदा बाल्कनीत बारीक पांढरी पूड राहिली. तिनं विचारलं, "हे काय सांडलंय?" मी म्हणालो, "कणीक." बाल्कनीत कणीक! तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि केरसुणी आणली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं, साध्या प्रश्नाला तोंडचं पाणी पळायचं.

आणि खरी भीती वेगळीच होती. दांडी झाली, गिटारवर बसली, आणि तरी तिचा हात वळला नाही तर? मग काय उरतं? मग उरतं ते हॉस्पिटलातलं वाक्य.

नवरात्रात आई पुण्याहून आली. दांडी साडेबावीसपर्यंत आली होती.

खंडेनवमीच्या सकाळी मी खाली पार्किंगमध्ये गाडी धूत होतो. आमच्या इमारतीत त्या दिवशी सगळेच धुतात, त्यामुळे पाइपसाठी नंबर लागतो. बायको फुलं आणायला गेली होती. वर आईनं पूजा मांडायला घेतली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली झाडून सगळी हत्यारं पाटावर येतात. विळी, कात्री, अडकित्ता, हल्ली लॅपटॉपसुद्धा. तिनं माझी अवजारांची पिशवी उघडली. टॉवेल सोडला. लाकडाचं वाद्य दिसलं, म्हणजे सरस्वतीच घरात आली असं तिला वाटलं. वाटीत हळद कालवली, कुंकू कालवलं आणि मोकळ्या हातानं, तीन बोटांनी, दांडीच्या माथ्यामागे, जिथं खुंट्या बसतात आणि घासायचं नसतं तिथं, ओढलं.

मी वर आलो तेव्हा पाटावर मधोमध, झेंडूच्या फुलांत, माझी दांडी होती. दुधासारख्या लाकडावर हळदीचे तीन पट्टे आणि कुंकवाचा बोट बुडेल एवढा ठिपका. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, आणि हात दाखवून अवलक्षण, पट्टे आणखी पसरले. लाकडानं सगळं पिऊन टाकलं होतं.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, आईवर, सणाच्या दिवशी. "न विचारता पिशवी कशाला उघडलीस? माहीत नाही तर बघायचं ना नीट!"

आई म्हणाली, "अरे, हळद लागली तर लाकूड मरतं का? उन्हात ठेव. हळदीचा डाग साबणाला जात नाही, उन्हाला जातो."

"उन्हात वाकेल ते!"

दारात बायको उभी होती, फुलांची पिशवी घेऊन. किती वेळ ते माहीत नाही. ती आत आली, पाटाजवळ बसली आणि दांडी उचलली.

"ही कुणाची?"

"तुझी," मी म्हणालो. "तुझ्या गिटारसाठी. बारीक करतोय. हाताला होईल अशी."

तिनं डावा हात पाठीमागून दांडीभोवती नेला. अंगठा वर आला, बोटं वळली, अर्ध्यावर थांबली. माझा सगळा जीव त्या बोटांत होता. तिनं पुन्हा केलं. मग दांडी फुलांत परत ठेवली, जिथं होती तिथंच.

"जाड आहे," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात खाली कुणीतरी गाडीपुढे कोहळा फोडला. फट्ट आवाज झाला आणि टाळ्या वाजल्या. आई खिडकीकडे बघून म्हणाली, "मेला तो कोहळा! गेल्या वर्षी त्यानंच माझ्या सुनेचा घात केला."

वर्षभरात आईनं हे फोनवर कितीदा म्हटलं असेल. दरवेळी मी हूं म्हणायचो. पण आत्ताच मी तिच्यावर ओरडलो होतो, नीट बघायचं ना म्हणून. माझ्या हातातल्या फडक्याला हळद लागलेली होती. नाचता येईना अंगण वाकडं असं मी वर्षभर करत आलो होतो, आणि आता त्यात आईची हळदही ओढली होती.

"कोहळ्याचा दोष नव्हता," मी म्हणालो. "मी फोन बघत होतो. ही मागून थांब म्हणाली होती. मी ऐकलं होतं. नंतर हिला खोटं सांगितलं."

बायको खाली बसलेली होती, तिनं मान वर केली.

"म्हणजे मी म्हणाले होते."

"हो."

"वर्षभर मी स्वतःला विचारतेय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला तो कोहळा दिसला होता. दिसला होता तर मी ओरडले का नाही? ती फिजिओवाली बाई अंगठा मागे ताणते ना, तेव्हा दरवेळी मला वाटायचं, भोग आता. तूच गप्प बसलीस."

मला वाटलं होतं की ती मला दोष देत असेल आणि बोलत नसेल. ती स्वतःला दोष देत असेल हे वर्षभरात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, कुकरखालचा गॅस बंद केला. आईनं बोटांवरची उरलेली हळद पदराला पुसली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

त्यानंतर बायको माझ्याशी बोलायची ते आईमार्फत. "आई, त्याला म्हणावं ताट वाढलंय." मी समोर बसलेलो असायचो. आईही निरोप पोचवायची, "ताट वाढलंय म्हणते." दसऱ्याला सोनं दिलं तेव्हा तिनं माझ्याकडून आपट्याचं पान घेतलं आणि देवापुढे ठेवून दिलं.

मी दांडीच्या मागे लागलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. आता लपवायचंही कारण नव्हतं. आई म्हणाली तसं उन्हात ठेवून बघू म्हटलं, पण जीव टांगणीला. दहा मिनिटं ऊन, मग आत. स्टीलची पट्टी पाठीला लावून उजेड कुठून येतो का बघायचं. परत दहा मिनिटं. बेंगळुरूचं ऊन लपंडाव खेळणारं, ढग आला की मी दांडी घेऊन बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला पळायचो. समोरच्या इमारतीतल्या एक अक्का कपडे वाळत घालता घालता हे रोज बघायच्या. चौथ्या दिवशी हळद फिकी झाली, सहाव्या दिवशी शोधावी लागली. कुंकू मात्र हटलं नाही. दांडी वाकली नाही. आईचं खरं निघालं हे मी तिला सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागतोस?"

कोजागिरी करून आई पुण्याला गेली आणि घरात निरोप पोचवणारं कुणी उरलं नाही. दोन दिवस आम्ही दोघं चपलांच्या आवाजावरून एकमेकांचा ठाव घेत राहिलो.

पुढचं आधी सांगून टाकतो. दांडीला मी लाखेच्या पॉलिशचे पातळ सहा हात दिले. एक हात वाळला की बारीक पेपर, मग दुसरा हात. प्रत्येक हाताला आता बुडबुडा येणार, आता केस चिकटणार असं वाटत राहिलं, आणि तिसऱ्या हाताला खरंच एक केस चिकटला. कुंकवाचा ठिपका पॉलिशखाली आता विटकरी दिसतो. चार स्क्रू त्या कारागिराच्या शेडमध्येच पिळले. त्या दिवशी ती बरोबर होती आणि त्यानं तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन बघितला, कागद नाही मागितला. ती आता वाजवते. पूर्वीसारखं नाही. काही सूर अजून निसटतात, अर्ध्या तासानं मनगट दुखतं, मग ती शिव्या देते, त्यातल्या काही मला असतात. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

पण सांगायचं होतं ते त्या रविवारचं, आई गेल्यानंतरच्या.

सकाळी मी बाल्कनीत पाटावर बसलो होतो, दांडी मांडीवर. माप साडेएकवीस होतं. ती आली. हातात पेन्सिल होती. बादली पालथी घालून माझ्यासमोर बसली आणि दांडी ओढून घेतली. डोळे मिटून तिनं मूठ वळवली, वरपासून खालपर्यंत सरकवली. मग डोळे उघडून कच्च्या लाकडावर पेन्सिलीनं दोन ठिकाणी रेघोट्या मारल्या.

"इथं," ती म्हणाली. "आणि इथं, अंगठ्याखाली."

नऊ-दहा दिवसांत माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी घासायला लागलो. रेघोट्या पुसल्या गेल्या की ती दांडी घ्यायची, धरून बघायची, परत रेघोट्या मारायची. एकवीस झालं. वीस झालं. तिची बोटं पूर्वीपेक्षा पुढे येत होती, पण पुरती नाही. वीसच्या खाली गेलो तेव्हा माझे हात ओले झाले. ओला हात लावायचा नाही म्हणून मी ते सारखे लेंग्याला पुसत होतो.

"अजून," ती म्हणाली.

"अगं, आत सळई आहे. एकोणीसवर थांबायला सांगितलंय त्यानं."

"अजून काढ."

मी चार घास मारले आणि मोजलं. चार घास मारले आणि मोजलं. साडेएकोणीसला थोडं कमी. तेव्हा तिनं मोजायचा चिमटा माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"तिकडे बघू नकोस," ती म्हणाली. "काम कर."

मग मोजायला काहीच नव्हतं. खाली पाहिलं तर फक्त लाकूड, आणि लाकडाच्या आत कुठेतरी ती सळई, किती खोल ते मला माहीत नाही. दांडीचं दुसरं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं, डाव्यानंसुद्धा. मी लांब घास मारत होतो. कान मात्र तिच्याकडे होते. इतकं लक्ष देऊन मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. पूड तिच्या गुडघ्यांवर पडत होती. एक घास गेला, दुसरा गेला. तिनं डावी मूठ दांडीभोवती सरकवली. मी तिसरा घास ओढायला घेतला.

"थांब," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. स्कूटरवर म्हणाली होती तेवढंच.

घास अर्ध्यावर होता. मी हात उचलला.